पहिली थँकफुल

गावच्या वाचनालयाच्या तळघरात माझं राज्य आहे. राज्य म्हणजे दोन टेबलं, हवेतली ओल ओढणारं एक घरघरतं यंत्र आणि चार कपाटं भरून मेलेली माणसं. उन्हाळा लागला की ओहायोपासून ऑरेगॉनपर्यंतचे लोक नॉर्थ टॅलकटला येतात आणि माझ्यापाशी पूर्वज मागतात. साधा पूर्वज कुणालाच नको असतो. कुणाला पहिल्या जहाजातून उतरलेला हवा, कुणाला राजाच्या नात्यातला. ज्याच्या खापरपणज्याने जन्मभर दुसऱ्यांची डुकरं राखली त्याला मी तसं सांगितलं, तर तो माझ्यावरच डाफरतो. मी शाळेतून निवृत्त झाले ती डोक्याला शांतता मिळावी म्हणून. आता गुडघे गेले, डोळे चालले, आणि या लोकांचा मला मनापासून वीट आला आहे.

आर्व्हिला पेक मात्र पूर्वज मागायला आली नव्हती. तिला साडेतीन हात जमीन हवी होती.

नोव्हेंबरात ती कठडा धरधरून जिना उतरली, खुर्चीत बसली आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिली. आम्ही एकाच शाळेतल्या. ती माझ्यापुढे काही वर्षं. एकाच गावात उभा जन्म गेला, पण एकमेकींच्या घरी जाण्यातल्या आम्ही कधीच नव्हतो.

"मरायला टेकलेय मी, लोइस," ती कोट न काढताच म्हणाली. "फुप्फुसात गाठ आहे. डॉक्टर म्हणतो, वसंत बघशील, उन्हाळ्याचं सांगत नाही. पण मला जागा नाही."

"नव्या दफनभूमीत हवी तेवढी जागा आहे."

"नवीत पॉली नाही."

पॉली थॅक्स्टर, तिची एकुलती एक मुलगी, सहा वर्षांची होऊन रक्ताच्या आजाराने गेली त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली. ती टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीत आहे, फाटकाजवळ, थॅक्स्टरांच्या रांगेत. त्या जागेचा नियम गावात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. ज्या घराण्यांनी गाव वसवलं त्यांच्या रक्ताचा माणूस तिथे जातो, नाहीतर मरतेवेळी अशा माणसाशी लग्नात असलेला. पॉली बापाच्या रक्ताने तिथे गेली. आर्व्हिलाही बायको म्हणून गेली असती. पण पॉलीनंतर दोन वर्षांच्या आत वॉरन थॅक्स्टर तिला सोडून फ्लोरिडाला गेला, तिथे दुसरं लग्न केलं आणि तिथेच मेला. घटस्फोट झाला त्या दिवशी आर्व्हिलाचा टेकडीवरचा हक्क संपला.

"माझ्या माहेरचे पेक काही पहिल्या घराण्यांतले नव्हेत," ती म्हणाली. "ते मागून आले, मला माहीत आहे. पण अडीचशे वर्षं ते याच गावात लग्नं करतायत. एखादी तरी बाई त्यांनी बऱ्या घरातून आणली असेल की नाही?"

"असेल. पण कागदावर सापडायला हवी."

"मग शोध. तुला दुसरं काम काय आहे?"

आर्व्हिलाची बोलायची पद्धतच ही. मला राग आला आणि मी कामाला लागले.

पेकांची साखळी मागे नेणं अवघड नव्हतं. बाप, आजा, पणजा, सगळे इथेच जन्मले, इथेच गायींच्या धारा काढून मेले. त्यांच्या बायका मात्र मॅसॅच्युसेट्सच्या, न्यूयॉर्कच्या, एक तर आयर्लंडहून आलेली. मागे जात जात मी एबर पेकपर्यंत पोचले. सन सतराशे पन्नासच्या सुमारास तो कुठूनसा कुऱ्हाड घेऊन आला आणि ओढ्यापलीकडचं रान तोडू लागला. त्याच्या बायकोचं नाव होतं थँकफुल. त्या काळचे लोक मुलींना अशीच नावं ठेवत, देवाचे आभार मानणारी. पुढे त्या पोरीवर काय वेळ येईल याचा विचार नाव ठेवताना कोण करतो?

थँकफुल कोणाची, हे कुठेच नव्हतं. तिचं लग्न लागलं त्या वर्षांतली चर्चची पानं जळून गेली आहेत. मी पहिल्या घराण्यांच्या मुली एकेक करून तपासल्या. गावात थँकफुल नावाच्या तीन निघाल्या. एकीचं लग्न दुसरीकडे झालेलं. दुसरी म्हातारी होऊन कुमारिकाच मेली. तिसरी आयझॅक आणि मर्सी फिच यांची. तिच्यापुढे फिच घराण्याच्या छापील इतिहासात सरळ लिहिलेलं होतं: जन्म १७३१, मृत्यू १७३५. तो इतिहास एका पाद्र्याने लिहिला, त्याला आता सव्वाशेच्या वर वर्षं झाली. गावात त्याला बायबलच्या खालोखाल मान आहे. चार वर्षांची होऊन मेलेली पोर कुणाशी लग्न करणार?

फेब्रुवारीत आर्व्हिला पुन्हा आली तेव्हा मी हात टेकले होते. बाहेर बर्फ वितळून चिखल झाला होता, तिच्या बुटांनी तो जिनाभर आणला. मी तिला सगळं सांगितलं आणि फिचांचं पुस्तक तिच्यापुढे उघडून ठेवलं.

तिने चष्मा लावून ती ओळ वाचली. "चार वर्षांची," ती म्हणाली. "हिच्यानंतर त्यांना आणखी झाली?"

"पाच-सहा झाली."

"मग एकीचं नाव थँकफुलच ठेवलं असेल."

"का म्हणून?"

"का म्हणून काय विचारतेस? माझी सासू तेच म्हणत होती ना! पॉलीला पुरून आठवडा नव्हता झाला, माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझीच कॉफी पीत म्हणाली, 'दुसरी होऊ दे आणि तिचं नाव पॉलीच ठेव. आमच्यात असंच करतात. नाव मोकळं ठेवू नये.' मोकळं! भाड्याची खोली आहे का ती? मी कप उचलून मोरीत आपटला. वॉरनलाही तेच हवं होतं. त्याला दुसरी पॉली हवी होती. मला पहिली हवी होती. त्याच्यावरूनच आमचं मोडलं. गाव म्हणतं त्या फ्लोरिडाच्या बाईमुळे मोडलं. ती बिचारी नंतरची."

एवढं बोलून तिला ठसका लागला. मी पाणी आणलं. माझं डोकं मात्र पुस्तकातल्या त्या ओळीवर अडकलं होतं.

मेलेल्या लेकराचं नाव पुढच्या लेकराला द्यायचं, ही जुन्या लोकांची रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. या कामात पडलेल्या माणसाला ती पहिल्या आठवड्यातच कळते. एकाच घरात तीन तीन जॉन सापडतात, दोन थडग्यात आणि एक शेतावर. पण फिचांच्या पोरांची यादी पाद्रीबुवांनी छापून ठेवली होती आणि तिच्यात दुसरी थँकफुल नव्हती. छापलेलं ते खरं, असं अख्खं गाव धरून चाललं होतं, आणि गावात मीही आले.

मी आर्व्हिलाला गाडीत बसवून घरी सोडलं आणि तशीच टाउन ऑफिसात गेले. तिथली बाई जेवायला निघाली होती; तिला थांबवलं, तिने तोंड वाकडं केलं, पण तिजोरीतली जुनी चोपडी काढून दिली. फिचांचं पान निघालं. थँकफुल जन्मली. थँकफुल वारली. आणि लगेच पुढच्या वर्षी, त्याच हाताने, त्याच शाईने: आयझॅक आणि मर्सी यांची मुलगी थँकफुल जन्मली. पाद्रीबुवांना वाटलं असणार, कारकुनाने चुकून दोनदा लिहिलं. त्यांनी दुसरी खोडली आणि मेलेली पहिली तेवढी ठेवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी महिनोन्महिने परगावच्या चर्चांना पत्रं लिहीत बसले होते.

मग दम निघेना. दुसऱ्याच दिवशी हार्टफर्डच्या सरकारी दप्तरखान्यात गेले आणि आयझॅक फिचच्या मृत्युपत्राची फिल्म पडद्यावर लावून वाचली. पोरांना जमीन वाटून झाल्यावर शेवटी त्याने लिहिलं होतं: माझी मुलगी थँकफुल, एबर पेकची बायको, हिला एक दुभती गाय आणि पिसांची गादी. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्या पडद्यामुळे. पण खरं सांगते, मी खूश होते. एवढं खूश होऊन मला कितीतरी वर्षं झाली होती. येताना वाटेत थांबून मी एकटीने चावडर सूपचा मोठा वाडगा संपवला.

दफनभूमीच्या कमिटीत आम्ही तिघं. अध्यक्ष लायमन थॅक्स्टर, वॉरनचा चुलतभाऊ. बर्ट स्कोव्हिल, जो तिथलं गवत कापतो आणि ज्याला कमी ऐकू येतं. आणि चिटणीस मी. बैठक लायमनच्या जेवणघरात भरते, कारण त्याला अध्यक्षाच्या खुर्चीला हात लागतात आणि त्याच्या घरातल्या खुर्चीला ते आहेत.

मी सगळे कागद मांडले. लायमनने ते उलटेपालटे केले.

"म्हणजे आमचा पाद्रीबुवा खोटा?"

"खोटा नाही. चुकला."

"सव्वाशे वर्षं कुणाच्या लक्षात नाही आलं, आणि आर्व्हिलाला खड्डा लागला तेव्हा तुझ्या लक्षात आलं."

"माझ्या नाही. तिच्या लक्षात आलं. तुझ्या मावशीच्या कृपेने." कारण वॉरनची आई लायमनची चुलतीही होती आणि सख्खी मावशीही, या गावात असंच असतं.

त्याने काही विचारलं नाही. मला वाटतं त्याला ती गोष्ट ठाऊक असावी. थॅक्स्टरांचा सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण लायमन वाईट नाही. गेल्या वर्षी त्याने स्वतःच्या मेहुण्याला नकार दिला आणि त्यानंतर त्याची बायको महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. नियम मोडायला लागलो की टेकडी पाच वर्षांत भरेल, असं तो म्हणतो, आणि तेही खरंच आहे.

"बर्ट, तुझं काय?" मी ओरडून विचारलं.

"मला काय, मी तिच्यावरूनही कापीन," बर्ट म्हणाला.

लायमनने पुन्हा एकदा मृत्युपत्र वाचलं. मग पेन काढलं. "ठीक आहे. फिच आहे ती. सिद्ध झालं." त्याने सही केली, आणि मी कागद उचलणार तोच म्हणाला, "मग फिचांच्या रांगेत."

"काय?"

"फिच म्हणून येतेय ना? फिचांच्या रांगेत जाईल. प्रत्येक घराणं आपल्या रांगेत. कलम तूच टाइप केलंयस, लोइस."

केलं होतं. फिचांची रांग टेकडीच्या पार माथ्यावर, दगडी भिंतीला लागून. थॅक्स्टर खाली फाटकाशी. मधे सगळा उतार.

"लायमन, तिला मुलीजवळ जायचंय. बाकी कशासाठी केलं हे सगळं?"

"तिच्या मुलीच्या दोन्ही बाजूंना थॅक्स्टर आहेत. कुणाला उठवू? आजीला की आत्याला? सांग, कुणाला?"

मला खूप बोलायचं होतं. ओठावर आलं होतं की तुमच्या घरातल्या एका बाईने तोंड आवरलं असतं तर आज ती त्याच रांगेत गेली असती. पण दोन्ही बाजूंच्या जागा खरंच भरलेल्या होत्या. मी कागद गोळा केले आणि त्याच्या बायकोने दिलेला केक न खाता निघाले. गाडीत बसून स्टिअरिंगवर हात ठेवला आणि तशीच बसून राहिले.

तिला सांगायला मी दोन दिवस लावले. गेले तेव्हा तिचा पलंग खाली बैठकीत आणलेला होता, खिडकीपाशी. नर्स आतल्या खोलीत फोनवर होती. आर्व्हिला आणखी वाळली होती, पण जिभेची धार तशीच होती.

"तुझ्या तोंडावरूनच कळतंय," ती म्हणाली. "नाही म्हणाला."

"हो म्हणाला. तू फिच आहेस. टेकडीवर तुझी जागा आहे."

"मग रडवेली का झालीयेस?"

मी सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. बाहेर फक्त रस्ता आणि चिखलात रुतलेली टपालाची गाडी होती.

"फिच कुठेशी?"

"वरच्या भिंतीला."

"आणि ती फाटकाशी." तिने मनातल्या मनात अंतर मोजलं असावं. "बरीच लांब की गं."

"एक करता येईल," मी घाईने म्हणाले. मी रात्रभर हाच विचार केला होता. "तू फिच, तर पॉलीही फिच, तुझ्याकडून. तिला वर आणता येईल. परवानगी लागेल, मी आणते. लायमनच्या छाताडावर बसून सही घेते."

"पन्नास वर्षांनी काय आणशील, लोइस? बुटांची बक्कलं?" ती माझ्याकडे वळली. "तिला झोपेतून उठवलेलं आवडायचं नाही. जीव खायची. राहू दे तिला."

आतून नर्सचं फोनवरचं हसणं ऐकू येत होतं.

"वर कोण कोण आहेत?" तिने विचारलं.

"आयझॅक. त्याचा एक मुलगा, त्याच्या सुना. आणि ती, पहिली थँकफुल."

"चार वर्षांची."

"हो. तिला दगड नाही. नकाशावर चौकोन आहे तेवढाच."

"आई शेजारी असेल ना?"

"नाही. आयझॅक गेल्यावर मर्सीने दुसरं लग्न केलं. नव्या नवऱ्याबरोबर व्हरमाँटला गेली, तिकडेच वारली. परत आल्याचं काही दिसत नाही."

"बाप तेवढा आहे म्हणायचा." तिने नाक मुरडलं. "बाप काय कामाचे." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे आई नाही, दगड नाही. नाव होतं, ते काढून धाकटीला दिलं."

मी मान हलवली.

"आणि त्या धाकटीची मी."

"धाकटीचीच."

"मी सासूला कप मोरीत आपटून दाखवला, आणि इकडे माझ्याच घराण्यात हे! आता पॉलीच्या शेजारी कोण आहे गं? नाव सांग."

"वॉरनची आजी. लुईझा. तिची चार मुलं लहानपणी गेली."

"म्हणजे पोरांची सवय आहे तिला." आर्व्हिला डोळे मिटून पडली. मला वाटलं झोपली. मी उठायला लागले तर तिने माझी बाही धरली. "तर मग मला त्या चौकोनाला लागून ठेव. अगदी लागून. माझीला लुईझा बघेल. मर्सीचीला मी बघते."

मला रडू आलं. तिच्यासमोर, आत नर्स असताना, मी अगदी आवाज करून रडले. आर्व्हिला म्हणाली, "आता गप्प बस, अजून मेले नाही मी," आणि माझ्याकडे नॅपकिनचा डबा ढकलला.

एप्रिलच्या शेवटी ती गेली. तोवर हिवाळ्यात गोठलेली जमीन मऊ झाली होती, त्यामुळे पुरण्यासाठी तिला थांबावं लागलं नाही. बर्टने खणताना नकाशा दोनदा मागून घेतला आणि चौकोनाच्या बाजूने फावडं इतकं जपून चालवलं की पाद्री ताटकळला. आम्ही मोजकी माणसं होतो. लायमन आला होता, कोट घालून, हॅट हातात धरून.

दगड जूनमध्ये बसला. तिने तो आधीच ठरवून, कोरणाऱ्याला सांगून ठेवला होता, आम्हा कुणाला न विचारता. लायमनला कळलं तेव्हा त्याने मला टेकडीवर बोलावून घेतलं. मी धापा टाकत वर पोचले. तो दगडासमोर उभा होता.

वर तिचं नाव आणि सालं होती. खाली थोडी जागा सोडून, त्याच मापाच्या अक्षरांत, दुसरं नाव होतं: थँकफुल, वय वर्षं चार.

"हे कुणाचं मूल म्हणून लिहिलंय?" लायमनने विचारलं. "लोक वाचतील. त्यांना वाटेल हिचीच मुलगी. उद्या कुणीतरी पुस्तकात तसं छापेल."

"छापतील."

"आणि मग? तू सगळ्यांना समजावत बसणार?"

इतकी वर्षं मी लोकांच्या चुकीच्या मुली काढून बरोबरच्या घालत आले. हीसुद्धा एका ओळीत दुरुस्त करता आली असती.

"नाही," मी म्हणाले. "मी नाही समजावणार."

लायमनने खाली वाकून दगडावर चिकटलेलं ओलं गवत हाताने पुसून काढलं, आधी वरच्या नावावरून, मग खालच्या.